रेषा का रुंदावतात : अर्धवट विस्कटलेल्या स्फटिकांचा इतिहास

स्फटिकात अणू ठरलेल्या अंतरावर पुन्हा पुन्हा येतात. म्हणूनच त्यावर पडलेले क्ष-किरण सैरावैरा न विखुरता मोजक्या दिशांनाच जोराने बाहेर पडतात. 1912 साली म्युनिकमध्ये माक्स फोन लाउए यांच्या कल्पनेवरून फ्रीड्रिख आणि क्निपिंग यांनी मोरचुदाच्या स्फटिकामागे फोटोची काच ठेवली आणि तिच्यावर ठिपके उमटले. पुढच्याच वर्षी ब्रॅग पितापुत्रांनी मीठ, हिरा अशा पदार्थांत अणू नेमके कुठे बसलेले आहेत हे या किरणांवरून काढून दाखवले. या यशाबरोबर एक समजही रुजला. ठिपका टोकदार असेल तर स्फटिक चांगला, आणि पसरट असेल तर नमुना वाईट.

या समजाने बरीच वर्षे एक मोठा प्रदेश झाकून ठेवला. एका टोकाला निर्दोष स्फटिक आणि दुसऱ्या टोकाला काच, एवढेच दोन प्रकार निसर्गात नाहीत. मधल्या पट्ट्यातल्या असंख्य पदार्थांत शिस्त आहे, पण अपुरी. अशा पदार्थात एखादा थर आतून चोख असतो, पण तो खालच्या थरावर बसताना थोडा सरकलेला असतो. कधी अणूंची जाळी शाबूत असते आणि तिच्या घरांमध्ये कोणता अणू कुठे बसला याचा मात्र नियम नसतो. अशा पदार्थातून विखुरलेल्या किरणांचा एक गुण महत्त्वाचा आहे. ठिपक्यातून जी तीव्रता कमी होते ती नाहीशी होत नाही, ती ठिपक्यांच्या मधल्या जागेत पसरते. म्हणजे पसरटपणातही माहिती असते. ती वाचण्याची रीत तयार व्हायला 1912 नंतर सुमारे तीस वर्षे लागली. त्या रीतीला पुढे जे वळण मिळाले त्यातले काही बंगळूर, काशी आणि नागपूर इथे मिळाले.

सुरुवात मातीपासून झाली, हे या इतिहासातले सर्वांत सुखद सत्य. मातीतला अतिबारीक भाग, म्हणजे चिकणमाती, हा निराकार चिखल आहे असे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुतेक मृदाशास्त्रज्ञ मानत. अमेरिकेच्या कृषी खात्यात काम करणारे स्टर्लिंग हेंड्रिक्स हे कॅलिफोर्नियात लायनस पॉलिंग यांच्या सहवासात क्ष-किरणांचे तंत्र शिकून आले होते. 1930 साली त्यांनी विल्यम फ्राय यांच्याबरोबर मातीतल्या कलिलांचे, म्हणजे याच अतिबारीक कणांचे, क्ष-किरण चित्र काढले आणि तो चिखल स्फटिकांचाच आहे हे दाखवले. पण हे स्फटिक विचित्र होते. काही रेषा स्पष्ट होत्या, काही रुंद होत्या आणि काही तर अशा जागी होत्या की कोणत्याही एका खनिजाच्या हिशोबात त्या बसत नव्हत्या.

चिकणमातीची खनिजे थरांची बनलेली असतात. केओलिनाइटचा एक थर सुमारे 7 ऑंगस्ट्रॉम जाड असतो आणि अभ्रकासारख्या खनिजाचा 10. स्मेक्टाइट पाणी पिऊन 14-15 पर्यंत फुगतो. एकाच कणात दोन जाडींचे थर कसेही मिसळले तर काय दिसेल, हा हेंड्रिक्स यांच्यापुढचा प्रश्न होता. दोन खनिजे वेगवेगळ्या कणांत असती तर 10 ची रेषा 10 वर आणि 14 ची 14 वर दिसली असती. एकाच कणात मिसळल्यावर मात्र दोन्ही रेषा विरघळतात आणि मध्येच कुठेतरी एक रुंद शिखर उभे राहते. तिथे त्या जाडीचा एकही थर नसतो. हा गोंधळ गणिताने सोडवायला त्यांना साथ मिळाली ती वॉशिंग्टनमध्येच शिकवायला आलेल्या एडवर्ड टेलर यांची. दोघांचा लेख 1942 साली प्रसिद्ध झाला. एका थरानंतर कोणता थर येण्याची शक्यता किती, एवढ्या एका माहितीवरून संपूर्ण प्रकीर्णनाचा आलेख कसा काढायचा हे त्यात मांडले होते. टेलर यांचे नाव पुढे हायड्रोजन बॉम्बमुळे जगभर झाले. चिकणमातीवर काम करणाऱ्यांना मात्र ते आजही या लेखामुळे आठवते.

ते दोघे एकटे नव्हते. 1937 साली रशियात लेव्ह लांडाऊ यांनी थरांच्या अनियमित रचनेतून होणाऱ्या प्रकीर्णनाचे गणित मांडले होते. 1941 साली अमेरिकेत बर्ट्रम वॉरन यांनी काजळीचा प्रश्न सोडवला. काजळीत ग्रॅफाइटचे पापुद्रे एकमेकांना समांतर असतात, पण प्रत्येक पापुद्रा स्वतःभोवती वाटेल तसा फिरलेला असतो. वॉरन यांनी दाखवले की अशा रचनेतून येणारी शिखरे दोन्ही बाजूंनी सारखी उतरत नाहीत. कमी कोनाच्या बाजूने ती कड्यासारखी सरळ चढतात आणि पलीकडे लांबवर हळूहळू ओसरतात. म्हणजे शिखराच्या नुसत्या आकारावरून कोणती शिस्त टिकली आणि कोणती मोडली हे सांगता येऊ लागले.

त्याआधी, 1938 साली, फ्रान्समध्ये आंद्रे गिनिए आणि इंग्लंडमध्ये जी. डी. प्रेस्टन यांनी एकमेकांना नकळत एकच गोष्ट पाहिली होती. अॅल्युमिनिअममध्ये थोडे तांबे मिसळून ते तापवले, एकदम थंड केले आणि नुसते ठेवून दिले, तर काही दिवसांत ते कडक होते. आल्फ्रेड विल्म यांनी 1906 मध्ये हे पाहिले होते आणि विमानांचे सांगाडे त्या धातूचे बनू लागले होते. पण कडकपणा कशामुळे येतो हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नव्हते. क्ष-किरणांच्या चित्रात ठिपक्यांमधून निघालेल्या फिकट रेघा दिसल्या. त्यांचा अर्थ असा निघाला की तांब्याचे अणू जाळीतच राहून एका अणूच्या जाडीच्या चकत्यांमध्ये गोळा होत आहेत. चकती एका दिशेला अतिशय पातळ असल्यामुळे तिचा ठिपका त्याच दिशेला लांबून रेघ बनतो. वाहतुकीपासून संरक्षणापर्यंत वापरल्या जाणाऱ्या धातूचा कडकपणा फक्त रेघांमधूनच कळत होता, मुख्य ठिपक्यांमधून नव्हे.

भारतात हा विषय वादातून आला. 1940 साली बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन आणि पी. नीलकंठन यांनी हिऱ्याच्या क्ष-किरण चित्रांत नियमित ठिपक्यांव्यतिरिक्त जादा, पसरट ठिपके नोंदवले. रामन यांचे म्हणणे असे की क्ष-किरण स्फटिकाच्या जाळीत कंपने उठवतात आणि त्यातून हे नव्या प्रकारचे परावर्तन घडते. लंडनमध्ये कॅथलीन लॉन्स्डेल आणि एडिनबरोमध्ये माक्स बॉर्न यांनी हे मानले नाही. त्यांच्या मते उष्णतेमुळे अणू आपल्या जागी थरथरत असतात आणि त्या थरथरीमुळे किरण थोडे पसरतात, एवढेच कारण पुरेसे होते. फाक्सेन आणि वालर यांनी त्याचे गणित आधीच केले होते. वाद कडवट झाला. पुढच्या काळाने कौल बॉर्न-लॉन्स्डेल यांच्या बाजूने दिला.

मात्र या वादातूनच एक खरी नवी गोष्ट बाहेर आली. हिरे दोन प्रकारचे असतात हे 1934 पासून माहीत होते. एका प्रकारात अतिनील प्रकाश अडतो आणि दुसऱ्यातून तो आरपार जातो. लॉन्स्डेल आणि स्मिथ यांनी दोन्ही प्रकारांचे हिरे द्रवरूप हवेच्या तापमानापर्यंत थंड करून पाहिले. थरथरीतून आलेला पसरटपणा थंडीत कमी व्हायला हवा, आणि तो झालाही. पण पहिल्या प्रकारच्या हिऱ्यातले काही जादा ठिपके थंडीला बधले नाहीत. म्हणजे ते थरथरीचे नव्हते, रचनेत गोठून बसलेल्या कसल्यातरी अनियमिततेचे होते. 1956 साली चार्ल्स फ्रँक यांनी ते हिऱ्याच्या घनाकृती पृष्ठांना समांतर पसरलेल्या अतिशय पातळ पापुद्र्यांमुळे येतात असे सुचवले. 1959 मध्ये कैसर आणि बॉंड यांनी पहिल्या प्रकारच्या हिऱ्यात नायट्रोजन असल्याचे दाखवले. 1962 मध्ये इव्हान्स आणि फाल यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ते पापुद्रे प्रत्यक्ष पाहिले. नमुना थंड करून पाहण्याची ही कसोटी आजही पसरट प्रकीर्णनावर काम करणाऱ्यांची पहिली कसोटी असते. बंगळूरच्या त्याच वातावरणात जी. एन. रामचंद्रन यांची घडण झाली. पुढे केंब्रिजला वूस्टर यांच्याबरोबर त्यांनी थरथरीच्या पसरटपणावरूनच स्फटिकाची लवचिकता मोजण्याची रीत काढली. ज्याला डाग म्हटले जाई, त्याचेच मापन झाले.

थरांच्या रचनेतल्या चुकांचा सर्वांत स्वच्छ धडा मात्र कोबाल्टने दिला. मोसंबीवाल्याच्या हातगाडीवर रचलेल्या फळांप्रमाणे गोळ्यांचा एक थर मांडला, तर त्यावरचा थर खालच्या खळग्यांत दोन प्रकारे बसू शकतो. एका जागेला अ म्हणू, उरलेल्या दोन जागांना ब आणि क. कोबाल्ट साध्या तापमानाला अबअबअब असा रचला जातो आणि सुमारे 420 अंश सेल्सिअसच्या वर अबकअबक असा. दोन्ही रचना सारख्याच घट्ट असल्याने धातूला एकीतून दुसरीत जायला फार शक्ती लागत नाही, आणि म्हणून जाताना तो चुकतो.

1942 साली केंब्रिजमध्ये ओ. एस. एडवर्ड्स आणि हेन्री लिप्सन यांनी कोबाल्टच्या चूर्णाची चित्रे काढली. काही रेषा टोकदार आणि काही रुंद असे त्यांत दिसले. सगळ्या रुंद असत्या तर कण बारीक आहेत असे म्हणून विषय मिटला असता. ए. जे. सी. विल्सन यांनी त्याचे कारण दिले. अ, ब आणि क या जागा एकमेकींपासून आडव्या दिशेला एकतृतीयांश घराने सरकलेल्या आहेत. स्फटिकातल्या ज्या प्रतलांच्या पहिल्या दोन निर्देशांकांतला, म्हणजे प्रतलाची दिशा सांगणाऱ्या आकड्यांतला, फरक शून्य असतो किंवा त्याला तीनने नेमका भाग जातो, त्यांच्या किरणांना या सरकण्याने काहीच फरक पडत नाही. थर अ जागी आहे की क जागी, हे त्या किरणांना कळतच नाही. म्हणून त्या रेषा टोकदार राहतात. बाकीच्या रेषांना प्रत्येक चूक जाणवते आणि त्या रुंदावतात. रुंदीवरून हिशोब केला तर कोबाल्टमध्ये सरासरी सुमारे दहा थरांमागे एक चूक निघाली. डोळ्याला कधीच न दिसणारी एक संख्या दोन प्रकारच्या रेषांच्या तुलनेतून हाती आली.

इथून हा धागा काशीला येतो. टी. आर. अनंतरामन ऑक्सफर्डला असताना त्यांनी जे. डब्ल्यू. ख्रिश्चन यांच्याबरोबर कोबाल्टवरच काम केले. त्यांचा 1956 चा लेख एका बारीक पण निर्णायक फरकाबद्दल आहे. थर रचताना चूक दोन वाटांनी होते. स्फटिक वाढतानाच एखादा थर चुकीच्या खळग्यात बसला आणि पुढची रचना त्याला धरून चालू राहिली, तर अबअबकबकब असा क्रम मिळतो. याउलट तयार स्फटिकावर ताण पडून त्याचा वरचा सगळा भाग एका थराने घसरला, तर अबअबकअकअ असा क्रम मिळतो. पहिल्या चुकीला वाढीतला दोष म्हणतात आणि दुसरीला विकृतीतला. विकृतीतला दोष चुकीला दाद देणाऱ्या सगळ्या रेषा सारख्याच प्रमाणात रुंदावतो. वाढीतल्या दोषाने मात्र तिसरा निर्देशांक सम असलेल्या रेषा विषम रेषांच्या तिप्पट रुंदावतात, कोनामुळे पडणारा फरक वजा जाता. म्हणजे चूक किती झाली एवढेच नाही, ती जन्मतः झाली की नंतर मार बसून झाली, हेही चूर्णाच्या एका चित्रावरून सांगता येते.

1962 साली अनंतरामन बनारस हिंदू विद्यापीठाच्या धातुविज्ञान विभागात आले आणि रेषांच्या रुंदीचा अभ्यास हे त्या विभागाचे वैशिष्ट्य झाले. या कामाला लागणारी सामग्री साधी होती, जे त्या काळच्या भारतीय प्रयोगशाळेसाठी महत्त्वाचे होते. मिश्रधातूचा तुकडा कानशीने घासायचा. कानशीच्या घर्षणाने प्रत्येक कणात रचनेच्या चुका ठासून भरतात. अर्ध्या चूर्णाचे चित्र तसेच घ्यायचे आणि उरलेले चूर्ण निर्वात नळीत तापवून त्याच्या चुका बुजू द्यायच्या. मग त्याचे दुसरे चित्र घ्यायचे. दोन चित्रांतल्या रेषांची रुंदी आणि जागा यांतला फरक हेच उत्तर. बाकी सगळे काम गणिताचे, आणि ते कठीण होते. पुढे देशाच्या संरक्षण व विज्ञान क्षेत्रात मोठी जबाबदारी पेललेले पी. रामाराव याच विभागाचे विद्यार्थी.

काशीतल्या या कामात एक मराठी नाव ठळक आहे, श्रीकांत लेले. 1967 मध्ये लेले, अनंतरामन आणि सी. ए. जॉन्सन यांनी षट्कोनी रचनेत एखादा जादा थर घुसल्याने होणाऱ्या दोषाचे विवर्तन गणिताने मांडले. आधीच्या हिशोबांत हा प्रकार सुटला होता. लेले यांनी पुढे हे गणित ज्यांच्या रचनेचा क्रम चार थरांनी परततो अशा धातूंपर्यंत नेले. या लेखांतली पाने समीकरणांनी भरलेली आहेत, आणि विषयाबाहेरचा वाचक त्यांकडे सहसा वळत नाही. पण प्रयोगशाळेत मोजलेली रुंदी दोषांच्या संख्येत बदलायची असेल तर ज्या सूत्राची गरज पडते ते कोणीतरी एकेक पायरीने सोडवलेले असावे लागते. विषयाची खरी भांडवली कमाई हीच असते, आणि तिचे श्रेय फार कमी वेळा दिले जाते.

त्याच विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात दुसरा प्रवाह होता. अजित राम वर्मा यांनी 1950 च्या सुमारास लंडनमध्ये सिलिकॉन कार्बाइडच्या पृष्ठावर वाढीच्या चक्राकार पायऱ्या टिपल्या होत्या. सिलिकॉन कार्बाइड म्हणजे सहाणेच्या चाकात वापरतात ते काळसर कठीण द्रव्य. त्याचे रासायनिक संघटन एकच, पण थरांचा क्रम दोन, चार, सहा, पंधरा आणि कधी शेकडो थरांनी परततो. ही बहुरूपे का होतात, हा वर्मा यांचा विषय होता. काशीला आल्यावर त्यांनी पी. कृष्णा यांच्याबरोबर या विषयावर 1966 साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला तो जगभर वापरला गेला. दोन प्रवाह एकत्र आले ते 1980 मध्ये. धनंजय पांडे, लेले आणि कृष्णा या तिघांचे तीन जोडलेख लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले.

प्रश्न असा होता. दोन थरांनी परतणारा सिलिकॉन कार्बाइडचा स्फटिक खूप तापवला की हळूहळू सहा थरांच्या रूपात, म्हणजे अबकअकब या क्रमात, बदलतो. बदल मध्येच थांबवला तर हाती अर्धवट विस्कटलेला स्फटिक येतो. त्याच्या चित्रात कोबाल्टचाच नियम दिसतो. तीनच्या नियमातल्या रांगांचे ठिपके टोकदार राहतात आणि बाकीच्या रांगांमध्ये ठिपके जोडणाऱ्या अखंड रेघा उमटतात. पण बदल घडतो कसा? थरांचा वरचा सगळा गठ्ठा घसरतो, की फक्त एकेक थर आपली जागा सोडून दुसऱ्या खळग्यात जातो? तिघांनी दोन्ही वाटांसाठी रेघेवरच्या तीव्रतेचा चढउतार गणिताने काढला आणि तिसऱ्या लेखात तो प्रत्यक्ष चित्रांशी ताडून पाहिला. उत्तर एकेक थर सरकण्याच्या बाजूने आले. हजार अंशांच्या पुढे, बंद भट्टीत, अणूंनी कोणती वाट धरली याचा साक्षीदार फक्त ती रेघ होती. तिची साक्ष वाचता येते हे काशीने दाखवले.

मुंबईत तुर्भ्याला अणुभट्टीतले न्यूट्रॉन हाताशी आले आणि विस्कटलेपणाचा दुसरा प्रकार खुला झाला. फेराइट या चुंबकीय द्रव्यात ऑक्सिजनच्या जाळीत धातूच्या अणूंना दोन प्रकारची घरे असतात. एक चार ऑक्सिजनांनी वेढलेले, दुसरे सहांनी. लोह, निकेल आणि जस्त या घरांत कसे वाटले गेले यावर चुंबकत्व अवलंबून असते. हे वाटप कधीच पूर्ण नेमके नसते. लोह आणि निकेल यांत इलेक्ट्रॉनांचा फरक फक्त दोनचा, त्यामुळे क्ष-किरणांना ते जवळजवळ सारखेच दिसतात. न्यूट्रॉन मात्र अणूच्या केंद्राला आणि त्याच्या चुंबकत्वाला जाणतात. 1969 मध्ये एन. एस. सत्यमूर्ती आणि सहकाऱ्यांनी जस्त-निकेल फेराइटमध्ये चुंबकीय दिशा एकमेकींशी कोन करून तिरक्या कशा होतात हे न्यूट्रॉनांनी मोजले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही फेराइटवर अनेक दशके काम होत आले आहे. तिथे प्रामुख्याने क्ष-किरणांच्या काही निवडक शिखरांच्या तीव्रतेची गुणोत्तरे काढून कोणत्या घरात कोण बसले याचा अंदाज घेतला जातो.

कोल्हापूरहून निपाणी ओलांडून बेळगावला येईपर्यंत मात्र हा विषय पुन्हा मातीत उतरतो. बेळगाव सीमेवर आहे, आणि मातीचीही सीमा तिथेच आहे. पिरनवाडीवरून जांबोटी-कणकुंबीकडे जाणारा रस्ता जसजसा घाटाकडे सरकतो तसतसा पाऊस वाढतो आणि जमीन तांबडी, जांभ्या दगडाची होत जाते. पूर्वेला गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगल या बाजूला काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी माती आहे. निपाणीची तंबाखूही काळ्या जमिनीत होते. जांभ्याच्या मातीत केओलिनाइट, लोहाची गोएथाइट व हेमॅटाइट ही ऑक्साइडे आणि गिब्साइट असते. काळ्या मातीत स्मेक्टाइट असतो. यांतले कोणतेही खनिज पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखे निर्दोष नसते.

गिब्साइटची कथा कारखान्यात दिसते. चंदगड आणि राधानगरी तालुक्यांतल्या घाटमाथ्यावरचे बॉक्साइट बेळगावच्या अॅल्युमिना कारखान्यात येते. कॉस्टिक सोड्यात विरघळवून ते पुन्हा गिब्साइट म्हणून खाली बसवतात आणि भट्टीत भाजतात. गिब्साइटचे पहिले शिखर तांब्यापासून मिळणाऱ्या क्ष-किरणांखाली 18.3 अंशांवर सुईसारखे उभे असते. भाजताना पाणी निघून जाते, ऑक्सिजनची जाळी बऱ्यापैकी टिकते, पण अॅल्युमिनिअमचे अणू रिकाम्या घरांमधून विस्कटतात. चित्रात 46 आणि 67 अंशांच्या आसपास रुंद, बुटकी शिखरे येतात. आणखी तापवले की कुरुंदाच्या टोकदार रेषा उगवतात. 1950 साली स्टम्फ आणि सहकाऱ्यांनी या मधल्या अॅल्युमिनांची क्रमवारी लावली. धातू काढण्यासाठी लागणारा अॅल्युमिना मुद्दाम पूर्ण कुरुंद होऊ देत नाहीत. मधल्या विस्कटलेल्या रूपांचे पृष्ठफळ मोठे असते, आणि धातूच्या कारखान्यात निघणारा फ्लोराइड वायू शोषायला तेच उपयोगी पडते. इथे विस्कटलेपणा हवा असतो, आणि तो किती ठेवायचा हे भट्टीचे तापमान ठरवते.

केओलिनाइटचे कोडे जॉर्ज ब्रिंडली आणि कीथ रॉबिन्सन यांनी 1946-47 मध्ये उलगडले. त्याचे थर कधी कधी एका दिशेला घराच्या एकतृतीयांशाने सरकून बसतात, आणि मग ठरावीक रेषा पुसट होत होत एका लांब उतारात विलीन होतात. 1963 साली हिंक्ली यांनी या रेषांच्या उंचीवरून केओलिनाइटच्या शिस्तीचा निर्देशांक काढला. केओलिनाइटच्या अभ्यासात तो आजही वापरला जातो. मातीतला केओलिनाइट सहसा खालच्या पायरीवर असतो.

सह्याद्रीवरच्या लाल मातीत यापेक्षा मोठा प्रश्न होता. ओल्या उष्ण प्रदेशात बेसाल्ट झिजला की स्मेक्टाइट, मग केओलिनाइट, आणि शेवटी गिब्साइट असा क्रम पुस्तके सांगतात. लाखो वर्षे मुसळधार पाऊस खाल्लेल्या घाटमाथ्यावर स्मेक्टाइट उरायलाच नको. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमि-उपयोग नियोजन संस्थेत तपस भट्टाचार्य, डी. के. पाल आणि एस. बी. देशपांडे यांनी पश्चिम घाटातल्या बेसाल्टवरच्या लाल आणि काळ्या मातींची चिकणमाती तपासली. त्यांचा लेख 1993 साली प्रसिद्ध झाला.

अशा तपासणीत धीर लागतो. हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय द्रव्य काढायचे. मग मेहरा आणि जॅक्सन यांच्या 1960 च्या रीतीने डायथायोनाइट घालून गरम पाण्यात लोह विरघळवायचे. तांबडी माती डोळ्यांदेखत करडी पडते. उंच नळकांड्यात ती ढवळून ठेवायची. दोन मायक्रॉनचा कण दहा सेंटिमीटर खाली यायला सुमारे आठ तास घेतो, तेवढे थांबून वरचे पाणी काढून घ्यायचे. त्यातली चिकणमाती काचपट्टीवर वाळवायची. एका पट्टीत मॅग्नेशिअम भरायचे, दुसरीत पोटॅशिअम. मॅग्नेशिअमच्या पट्टीला ग्लायकॉलची वाफ दिली की शुद्ध स्मेक्टाइट 17 ऑंगस्ट्रॉमपर्यंत फुगतो आणि त्याचे शिखर 5.2 अंशांवर सरकते. पोटॅशिअमची पट्टी 550 अंशांपर्यंत तापवली की केओलिनाइटचे 7 ऑंगस्ट्रॉमचे, म्हणजे 12.4 अंशांवरचे शिखर नाहीसे होते.

लाल मातीत ते 7 चे शिखर दिसले, पण सुबक नव्हते. कमी कोनाच्या बाजूला त्याला रुंद खांदा होता. तापवल्यावर शिखर गेले, पण त्याच वेळी 10 ऑंगस्ट्रॉमचे शिखर बळावले. शुद्ध केओलिनाइट मोडला असता तर 10 वर काही वाढायचे कारण नव्हते. म्हणजे 7 च्या शिखरात स्मेक्टाइटचे थर लपलेले होते. एकाच कणात केओलिनाइट आणि स्मेक्टाइट मिसळलेले, हेंड्रिक्स-टेलर यांनी पन्नास वर्षांपूर्वी मांडलेलाच प्रकार. पूर्ण बदलाच्या वाटेवर माती अर्ध्यात थांबलेली होती.

थांबली का, याचे उत्तर बेसाल्टच्या पोकळ्यांत होते. दख्खनच्या काळ्या खडकात झिओलाइटचे पांढरे, गुलाबी खडे जागोजाग सापडतात. ते झिजताना कॅल्शिअमसारखी द्रव्ये सतत सोडत राहतात, आणि तेवढ्या पुरवठ्यामुळे प्रचंड पावसातही स्मेक्टाइट पूर्णपणे केओलिनाइट होत नाही. त्याच हवामानात घाटमाथ्याच्या खोलगट जागी, उतारांवरून वाहून आलेल्या स्मेक्टाइटमुळे काळी माती तयार होते, हेही त्याच अभ्यासात दिसले. 1999 साली भट्टाचार्य, पाल आणि पी. श्रीवास्तव यांनी घाटमाथ्यावरच्या लाल माती इतका काळ टिकून राहण्यामागे झिओलाइट असल्याचे सविस्तर मांडले. लाल मातीचे वय आणि तिची उरलेली सुपीकता ठरवताना नुसत्या पावसाच्या आकड्यावर विसंबता येत नाही, तिच्या खालचा खडक कोणता हेही पाहावे लागते, असे या कामातून निघाले.